टॉवेल किती वेळात वाळतो

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं टॉवेल केले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत बारा लूम, रात्रंदिवस खटखट. कुठल्याही गावाला गेलो की हे आधी तिथला टॉवेल मुठीत धरून चुरगाळतात, "तीनशे जीएसएमसुद्धा नाही," म्हणतात (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, कापडाचं वजन) आणि मगच चहा मागवतात. दोन वर्षांपूर्वी लूम भंगारच्या भावानं, किलोवर गेले. ट्रक निघाला तेव्हा हे शेडच्या दारात उभे होते. घरी येऊन हातपाय धुतले आणि म्हणाले, "आता इथं काय आहे?" तेव्हापासून घरात एकच विषय. सोलापूर सोडायचं का, आणि सोडलं तर कुठल्या डोंगरात जायचं.

डोंगरच का, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीला घेता येत नाही, हात पोळतो. पारा ४३ वर गेला तरी आमच्याकडं कुणी त्याची बातमी करत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्यात ह्यांच्या छातीत चौतीस वर्षांची कापसाची धूळ बसलेली. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून आणि उकाड्यापासून लांब राहा. सोलापुरात हे दोन्ही टाळायचं म्हटल्यावर राहिलं काय?

ह्यांना हिमालय पाहिजे होता. हल्द्वानीच्या एका व्यापाऱ्याला हे वर्षानुवर्षं माल पाठवायचे. तो फोनवर दरवेळी "भाईसाहब, पहाड आ जाओ" म्हणायचा, ते ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मला दक्षिण बरी वाटत होती. आम्ही घरात कानडी बोलतो, निदान भाजीवालीशी भांडता तरी येईल. पुण्याच्या लेकीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि एक्सेलमध्ये तक्ता करून पाठवला. एका बाजूला तमिळनाडूत निळगिरीतलं कोटगिरी, दुसऱ्या बाजूला उत्तराखंडात कुमाऊँतलं मुक्तेश्वर. उंची, तापमान, पाऊस, दवाखाना, विमानतळ. मोठं शहर दोन्हीकडून सत्तर-एक किलोमीटर, इकडं कोइम्बतूर, तिकडं हल्द्वानी. बेरीज केली तर दोघांना जवळजवळ सारखेच मार्क.

निकाल लागला तो सासूबाईंमुळं. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत, खाली दिरांकडं असतात. तक्ता ऐकून म्हणाल्या, "स्थळ बघायला दिवाळीत जाऊ नये. दिवाळीत सगळ्यांचीच घरं सारवलेली असतात." एवढंच. पण मुद्दा बिनतोड होता. मे महिन्यात उटीला जाऊन आलेला माणूस उटीचं कौतुकच करणार. आमचं सोलापूरसुद्धा डिसेंबरात बघा की, हुरड्याचे दिवस, सकाळी शाल, संध्याकाळी शाल, कोण म्हणेल हे गाव सोडून पळावं असं आहे? तेव्हा ठरलं, दोन्ही गावं त्यांच्या वाईट महिन्यात बघायची आणि तीन-तीन आठवडे राहायचं. दोन्हीकडच्या घरमालकांना मी फोनवर सरळ विचारलं, "तुम्हाला स्वतःला कुठला महिना नकोसा होतो?" कोटगिरीवाले क्षणाचाही विचार न करता नोव्हेंबर म्हणाले. मुक्तेश्वरवाले जरा घुटमळले, मग म्हणाले, "जनवरी में ठंड बहुत है." ते घुटमळले का, हे मला पुढं कळलं.

बरोबर दोन मोजमापं नेली, पण तेव्हा ती मोजमापं आहेत हे माहीत नव्हतं. एक म्हणजे ह्यांचे स्वतःच्या लूमवरचे शेवटच्या लॉटमधले चार टॉवेल, साडेचारशे जीएसएमचे. दुसरं म्हणजे माझ्या कडक भाकऱ्यांची चळत.

कोटगिरीचा प्रवास सोपा. कुर्ला-कोइम्बतूर एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते. तिथून मेट्टुपाळयम आणि मग ३३ किलोमीटरचा घाट. मेट्टुपाळयमहून निघणारी ती दातेरी रुळांची छोटी गाडी, १८९९ साली कुन्नूरपर्यंत आणि १९०८ साली उटीपर्यंत पोचलेली, ती आम्हाला मिळाली नाही. नोव्हेंबरात रुळांवर माती येते आणि गाडी बऱ्याचदा बंद असते, तशी ती होती. नाक्यावर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या काढून घेतल्या, जिल्ह्यात चालत नाहीत. माझी शेंगा चटणी स्टीलच्या डब्यात होती म्हणून वाचली.

पहिल्या संध्याकाळी भाकऱ्यांची पिशवी उघडली. ज्यांनी सोलापूरची कडक भाकरी खाल्लीय त्यांना माहीत आहे, ती मोडताना कट्ट असा आवाज होतो आणि आमच्या कोरड्या हवेत ती महिनाभर तशीच राहते. आम्ही दोघांनी दोन खाल्ल्या, आवाज आला, छान वाटलं. बाकीच्या ताटलीत ठेवून वर फडकं टाकलं. सकाळी उठून एक उचलली तर ती दुमडली. मोडली नाही, दुमडली. चांभाराच्या दुकानातलं कातडं दुमडतं तशी. मी ती ह्यांना दाखवली. हे बाथरूममधून टॉवेल हातात घेऊन येत होते, म्हणाले, "आणि हा बघ, काल सकाळचा आहे."

तिथून सुरू झालं. ह्यांनी डायरीत लिहायलाच घेतलं. सोलापूर, मे, गच्ची: चाळीस मिनिटं. कोटगिरी, नोव्हेंबर, व्हरांडा: पहिला दिवस ओला, दुसरा दिवस ओला, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी "दमट पण वापरता येईल". त्या तीन दिवसांत टॉवेलला जो कुबट वास लागला तो नंतर गरम पाण्यात सोडा घालूनही गेला नाही. ह्यांना ते मनाला लागलं. "माझा माल कधी वास मारत नव्हता," असं दोनदा म्हणाले. माझ्या चपलांवर चौथ्या दिवशी हिरवट पांढरी बुरशी आली. शेजारच्या बाईंनी सांगितलं, कपाटात शंभरचा बल्ब लावून ठेवा. बल्ब लावला, मग लाइट गेली, ती दीड दिवस आली नाही.

या पावसाचं गणित मला मजेशीर वाटलं. आपलं सोलापूर सह्याद्रीच्या पाठीमागं आहे, म्हणून जून-जुलैचे ढग आपल्या डोक्यावरून नुसते पुढं जातात आणि जो काय पाऊस पडायचा तो सप्टेंबरात, हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र लागेपर्यंत. कोटगिरी दोड्डाबेट्टाच्या पाठीमागं आहे. २,६३७ मीटरचा तो डोंगर नैऋत्येचा पाऊस अडवतो, त्यामुळं सगळा केरळ भिजत असतो तेव्हा कोटगिरीत नुसतं गार वारं आणि धुकं. पण आपल्याला एकच मोसमी वारा मिळतो. त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरावरून दुसरा येतो, तो ईशान्येचा, आणि त्याला अडवायला मध्ये कुणी नाही. १० नोव्हेंबर २००९ ला शेजारच्या केट्टीत एका दिवसात ८२० मिलीमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या सोलापूरला अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास पडतो. त्या वेळी निळगिरीत दरडींखाली चाळीसहून जास्त माणसं गेली. घरमालकांनी समोरचा उतार दाखवला, तिथं आता चहा लावलाय. ते सहज सांगत होते. मी मात्र त्या रात्री पावसाचा आवाज ऐकत जागी होते.

दुसऱ्या आठवड्यात ह्यांची छाती घरघरायला लागली. दमट हवा. वाफ, गोळ्या, आणि मनात मी कोटगिरीवर फुली मारली.

मग दोन दिवस ऊन पडलं. ते ऊन मला नीट सांगता येणार नाही. आमच्याकडं ऊन म्हणजे शत्रू. इथं ते साईसारखं पातळ, चहाच्या मळ्यावरून हळूहळू खाली उतरणारं, आणि सगळं गाव अंथरुणं-पांघरुणं घेऊन बाहेर. सकाळी साडेसहाला दार उघडलं तर अंगणात गवा. म्हशीच्या दीडपट, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, निवांत हायड्रेंजिया खात होता. मी दार लावून घेतलं. हे खिडकीतून म्हणाले, "कातडी बघ, काय फिनिशिंग आहे."

आणि दूधवाली. म्हातारी, बडगा समाजाची, डोक्याला पांढरं फडकं. मी तमिळचे चार शब्द जुळवत होते तेवढ्यात ती आतल्या मुलीला काहीतरी म्हणाली आणि त्यात मला "हालु" ऐकू आलं. हालु म्हणजे दूध, आमच्याकडंही हालुच. मी कानडीत विचारलं, किती द्यायचे? तिनं मान वर करून बघितलं. बडगा शब्दच मुळी उत्तरेकडचा या अर्थाचा. म्हैसूरकडून शेकडो वर्षांपूर्वी वर आलेली ती माणसं, भाषा कानडीच्या अगदी शेजारची. तिचं निम्मं मला कळायचं, माझं निम्मं तिला, आणि उरलेलं दोघींना कळल्यासारखं वाटायचं. मने, नीरु, हालु. घर, पाणी, दूध. एवढ्यावर रोज पंधरा मिनिटं गप्पा व्हायच्या. तिनं एकदा विचारलं, तुमच्या गावात काय पिकतं? मी दुमडलेली भाकरी दाखवली. तिनं ती चुलीच्या कडेला उभी करून ठेवली. दहा मिनिटांनी मोडली तर कट्ट.

मनात मारलेली फुली मी तिथंच थोडी पुसली.

मुक्तेश्वरला जायचं तर जानेवारीत, आणि जानेवारी म्हणजे गड्डा. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा. लग्न होऊन आल्यापासून मी अक्षता चुकवलेल्या नाहीत. सासूबाईंना सांगायला मी ह्यांना पुढं केलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अक्षता टाकायच्या सोडून बर्फ बघायला जाताय. बघा." त्या "बघा" चं ओझं घेऊन आम्ही कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसलो. दिल्ली, मग रात्रीची रानीखेत एक्स्प्रेस, पहाटे काठगोदाम, तिथून जीपनं वर. घरातून निघून दोन रात्री गाडीत. लेकीच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे रडले.

मी अतिशयोक्ती करत नाहीये. सात-साडेसातला ऊन वर आलं, समोर त्रिशूळ, नंदादेवी, पार उजवीकडं पंचाचूली. ७,८१६ मीटरची नंदादेवी आधी गुलाबी झाली, मग पिवळी, मग अशी पांढरी की बघवेना. हे खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, मफलर म्हणून. मला म्हणाले, "चौतीस वर्षं ब्लीच केलं, असा पांढरा मला आला नाही." आणि डोळे पुसले. त्याच टॉवेलनं.

हवा कोरडी, खणखणीत. भाकरी तीन आठवडे कट्ट मोडत राहिली. ह्यांची छाती एकदम मोकळी. टॉवेलचा प्रयोग मात्र वेगळ्याच वळणावर गेला. दुपारी उन्हात घातला तर साडेतीन-चार तासांत वाळायचा, अगदी बेस्ट. पण एक दिवस संध्याकाळी काढायचा विसरला. सकाळी तारेवर पत्रा लटकत होता. हातात घेतला तर सरळ उभा राहिला. ह्यांनी तो भिंतीला टेकवून ठेवला, त्याचा फोटो काढला आणि फॅक्टरीच्या जुन्या कामगारांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "साइझिंग जास्त झालं." साइझिंग म्हणजे विणण्याआधी सुताला लावायची खळ.

पण वर राहणं म्हणजे नुसती खुर्चीत बसून हिमालय बघणं नाही. घर रस्त्याच्या खाली एकशे दहा पायऱ्यांवर. गॅस सिलिंडर, पीठ, भाजी सगळं पाठीवर. हे उतरायचे सरळ, चढताना चार ठिकाणी थांबायचे. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या वर, हवा पातळ. पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. तूरडाळ कुकरशिवाय शिजत नाही हे एक. पण माझी भाकरीसुद्धा थापताना कडेला चिरायला लागली. मी पीठ बदललं नव्हतं, मालदांडी ज्वारीचंच होतं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेला नव्हता. माझा संशय त्या उकळीवर आहे. बुडबुडे दिसतात, पण पाणी आपल्याएवढं तापलेलंच नसतं, मग पिठाला चिकटपणा कुठून येणार?

सकाळी नळ गोठलेला, दहाला सुटायचा. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, पाणी भरून ठेवण्यात सोलापूरच्या बाईला कोण हरवणार! मालकीणबाई माझे भरलेले पिंप, बादल्या, पातेली बघून हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही इथं राहू शकता. त्यांच्याकडं गावाचं जुनं झऱ्याचं कुंड आहे, त्याला नौला म्हणतात. पूर्वी बारमाही होतं, आता उन्हाळ्यात आटतं. अंधार पडल्यावर कुणी बाहेर पडत नाही, बिबट्या. त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा. आणि अंधार लवकर पडतो. कोटगिरी ११ अक्षांशावर, तिथं हिवाळा-उन्हाळा दिवस जवळजवळ सारखाच. मुक्तेश्वर २९ च्या वर, जानेवारीत साडेपाचला सूर्य डोंगराआड. मग सगड पेटवायची. ती लोखंडी शेगडी, कोळशाची. खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर माणूस झोपेतच जातो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणजे थंडी घालवायला शेगडी, शेगडीसाठी खिडकी, खिडकीतून परत थंडी. त्यात शेगडीच्या धुरानं ह्यांना रात्री खोकला. कोटगिरीत बारा महिने एक स्वेटर पुरतो. इथं तीन ट्रंका लागतील.

खाण्यात मात्र मुक्तेश्वरनं मला जिंकलं. त्यांची गहत डाळ म्हणजे चक्क आपले हुलगे. मी ते जात्यावर दळून घेतले आणि शेंगोळे केले, लसूण घालून. मालकीणबाईंनी वाटीभर खाल्ले, मग अजून वाटीभर. बदल्यात त्यांनी निंबू सान खाऊ घातलं. पपनशीएवढं डोंगरी लिंबू सोलून, त्यात दही, गूळ, आणि भाजून वाटलेलं भांगेचं बी. उन्हात पाठ करून बसायचं आणि बायकांनी मिळून एकाच परातीतून खायचं. भांगेच्या बियांनी नशा होत नाही, मी विचारून घेतलं. चव तिळाच्या आणि शेंगांच्या मधली. माझी शेंगा चटणी त्यांनी त्यात घालून बघितली. चांगली लागली की.

संक्रांतीला मी सकाळपासून गप्प होते. सोलापुरात अक्षता पडल्या असतील, आता नंदीध्वजांच्या काठ्या तळ्यावरून निघतील, असं मनात चाललेलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी बाहेर पोरांचा कालवा. शेजारची चार-पाच पोरं गळ्यात माळा घालून अंगणात उभी. माळा कशाच्या, तर तळलेल्या गोड कणकेच्या. कुठला तुकडा चारच्या आकड्यासारखा, कुठला तलवार, कुठला डमरू, मध्ये एक संत्रं ओवलेलं. घुघुते म्हणतात. पोरं ओरडत होती, "काले कौवा काले!" आणि खरोखरच कावळे येत होते. आपल्याकडं कावळ्याला पितृपक्षात बोलावतात, जरा भीतभीतच. इथं पोरं त्याला दोस्तासारखं हाका मारत होती. सगळ्यात लहानीनं आपल्या माळेतली तलवार तोडून मला दिली. मी ती खाल्ली नाही, रुमालात बांधून आणली. सासूबाईंना दिली. त्यांनी देवापुढं ठेवली आणि त्यानंतर "बघा" हा शब्द परत आला नाही.

एवढं सगळं असून मुक्तेश्वर का नाही?

पहिलं, मालक फोनवर घुटमळले होते ते. त्यांचा खरा वाईट महिना जानेवारी नव्हताच. शेवटच्या आठवड्यात एकदा सगडीजवळ बसल्यावर त्यांनी सांगितलं, एप्रिल ते जून. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडांच्या वाळलेल्या सुया, पिरूल म्हणतात, खाली गादीसारख्या पसरतात आणि एक ठिणगी पुरते. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनिताल जिल्ह्यात अशी आग लागली की हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमतालच्या तळ्यातून पाणी उचलून टाकत होतं. महिनाभर धूर, हिमालय दिसतही नाही, आणि वर टुरिस्टांच्या गाड्यांच्या रांगा. ह्यांच्या छातीला धूर. आणि एप्रिल ते जून म्हणजे नेमके तेच महिने, ज्यांच्यासाठी आम्ही सोलापूर सोडणार. भट्टीतून उठून धुरात जायचं.

पावसातही ते कोटगिरीपेक्षा सुरक्षित आहे असं नाही. १८-१९ ऑक्टोबर २०२१ ला मुक्तेश्वरच्या वेधशाळेत चोवीस तासांत ३४०.८ मिलीमीटर पडला, आमचा निम्मा वर्षाचा. शिवाय भूकंप. किल्लारीच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची मिरवणूक बघून आम्ही नुकते झोपलो होतो आणि फडताळातली भांडी वाजायला लागली. सोलापुरात फार काही झालं नाही, पण आठवडाभर सगळी गल्ली रस्त्यावर झोपत होती. हिमालयाच्या पोटात तर कायमच काहीतरी सरकत असतं. ह्यांना ते पटत नाही. हे म्हणतात, किल्लारी कुठं डोंगरात होतं?

जमिनीचंही आहे. उत्तराखंडात बाहेरच्या माणसाला शहराबाहेर घरासाठी २५० चौरस मीटरच मिळते, म्हणजे अडीच गुंठे. मला तो कायदा चुकीचा वाटत नाही. आमच्यासारखे सगळे वर आले तर त्यांच्या नौल्यात उरेल काय? तसे मुक्तेश्वरला खालून जाणारे आम्ही काही पहिले नाही. जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात सुरू झाली आणि चारच वर्षांत मुक्तेश्वरला नेली, रोगजंतू वस्तीपासून लांब ठेवायचे म्हणून. अजून आहे तिथं.

परत आल्यावर ह्यांची डायरी आणि लेकीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून बसले, तेव्हा एक गोष्ट दिसली. आम्ही तीन गावांचे वाईट महिने तीन रंगांत रंगवले. सोलापूर: मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत लाल. मुक्तेश्वर: एप्रिल ते जून लाल, परत डिसेंबर-जानेवारी निळा. कोटगिरी: ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबर. सोलापूर आणि मुक्तेश्वरचे रंग एकमेकांवर चढतात. सोलापूर आणि कोटगिरीचे एकदाही चढत नाहीत. आमची भट्टी पेटते तेव्हा तिकडं ऊन साईसारखं असतं. तिकडं टॉवेल वाळेनासे होतात तेव्हा आमच्याकडं शेतात हुरडा भाजायला लागतात आणि गड्ड्याची तयारी सुरू होते. सोलापूर सोडायचं का, या प्रश्नावर दोन वर्षं भांडत होतो. प्रश्नच वेगळा होता.

तर होळी झाली की कोटगिरी आणि दसऱ्याला परत. दोन खोल्या, अकरा महिन्यांचा करार, कारण सहा महिन्यांचा कुणी करत नाही. ह्यांची छाती पावसाळ्यात कशी राहते ते बघायचं. तिथला जुलै धुक्याचा असला तरी नोव्हेंबरसारखा ओला नाही, असं सगळे सांगतात. मार्च-एप्रिलमध्ये पाण्याचा टँकर येतो, असंही सांगतात. येऊ दे. पाहुण्यांनी कार घेऊन यायचं ठरवलं तर निळगिरीचा ई-पास काढावा लागतो, २०२४ च्या मे महिन्यापासून. माझ्या नणंदेला मी हे जरा जास्तच सविस्तर सांगितलं. हिमालयाचं ह्यांना वचन दिलंय, दरवर्षी ऑक्टोबरात पंधरा दिवस, आकाश तेव्हा सगळ्यात स्वच्छ असतं. सासूबाईंनी एकच विचारलं, "गड्ड्याला इथंच ना?" होय म्हटलं. "मग जावा की."

तिकीट काढून झालंय. कडक भाकरीला या वेळी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घेतलाय, नव्या पेठेतून. काल हे बॅग भरत होते. साडेचारशे जीएसएमचे ते चार टॉवेल काढले, मांडीवर ठेवले, एकावर एक घडी नीट केली, कडेचा एक सुटलेला धागा दातानं तोडला. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं उठले, टॉवेल परत कपाटात ठेवले आणि चाटी गल्लीत जातो म्हणून बाहेर पडले. तासाभरानं आले. पिशवीत सहा पातळ पंचे होते.

"लगेच वाळतात," म्हणाले.